पडलेली कमान कोणाची

नऊ वाजून दहा मिनिटांनी सेइगो सकोदाने गाडी काँक्रीटच्या नव्या पुलाअलीकडे थांबवली, पण इंजिन बंद केले नाही. इंजिन चालू ठेवण्याला अर्थ होता आणि मागच्या सीटवर मांडीत मांजूचा, म्हणजे गोड सारणाच्या मिठाईचा, खोका घेऊन बसलेल्या टोमिएआत्याला तो कळलाही होता. पलीकडच्या काठावर ओनिझुकांच्या दारात साडेनऊला उभे राहायचे, खोका द्यायचा, वाकायचे, चहा घ्यायचा, परत यायचे. गेली एकसष्ट वर्षे सत्तावीस जुलैला सकोदा घराण्याने हेच केले होते. आधी आत्याचे वडील मानकिची चालत जात, मग सेइगोचे वडील सायकलने, आता सेइगो गाडीने. वाहने सुधारली, वाकण्याचा कोन तोच राहिला.

"आज आधी जुना पूल," आत्या म्हणाली.

"आत्या, तो बंद आहे. नगरपालिकेने दोरी बांधलीय."

"दोरीखालून जाईन. वाकायची सवय आहे मला."

पुढच्या सीटवर बसलेल्या चिहायाने हसू आवरले. सेइगोची ही मुलगी एकोणतीस वर्षांची, तंत्रनिकेतनात बांधकामशास्त्र शिकवणारी. जुन्या पुलाशेजारी माहितीफलक लावण्यासाठी नेमलेल्या समितीत ती होती, आणि तीन दिवसांपूर्वी जेवणाच्या टेबलावर फलकाचा मसुदा तिनेच ठेवला होता. एकोणीसशे त्रेसष्टच्या पुराबद्दलचे त्यातले चौथे वाक्य असे होते: 'शोवा अडतीसच्या पुरात सकोदा घराण्याने बांधलेली पश्चिमेकडील कमान सदोष कामामुळे कोसळली.' आत्याने ते वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि भाताचा वाडगा तसाच ठेवून उठली. त्यानंतरचे तीन दिवस तिने चिहायाशी जरुरीपुरतेच बोलणे ठेवले होते. मसुदा आज दुपारी बारा वाजता कोरणाऱ्याकडे जाणार होता. ग्रॅनाइटवर कोरलेले वाक्य खोडता येत नाही.

"बाराच्या आत मला काहीतरी पाहिजे," आत्या म्हणाली. "माझ्या बापाच्या नावाखाली 'सदोष' असं कोरलेलं ठेवून मी मरणार नाही."

"काहीतरी नाही, पुरावा पाहिजे," चिहाया म्हणाली. "समितीत मी विचारलं होतं, कशावरून म्हणता. तेव्हा ते म्हणाले, तुमच्याच घरचे लोक दरवर्षी जाऊन माफी मागतात ना? यावर मी काय बोलणार होते?"

"'नाही' म्हणायचं होतंस."

"'नाही' म्हणायला मला माहीत कुठे होतं?"

सेइगोने इंजिन बंद केले. झटपट उरकण्याचा बेत फसला होता.

*

हिरासे नदीवरचा हा पूल दोन पाथरवट घराण्यांनी मिळून बांधला होता: पूर्वकाठचे सकोदा आणि पश्चिमकाठचे ओनिझुका. मध्ये खांब, दोन बाजूंना दोन कमानी, एकेका घराण्याची एकेक. कोणती कोणाची, हे कुठेच लिहिलेले नव्हते. दोघांनीही सांगितले नव्हते, कारण पूल सगळ्यांचा आहे असे म्हणायची तेव्हा पद्धत होती. शोवा अडतीसमध्ये पश्चिमेची कमान पडली. दुसऱ्या दिवशी मानकिची सकोदा पलीकडे जाऊन ओनिझुकांच्या दारात गुडघ्यांवर बसला आणि कपाळ दगडाला टेकवले. दोन्ही गावांना तेवढे पुरले. ज्याने माफी मागितली त्याची कमान. मानकिचीने त्यानंतर छिन्नीला हात लावला नाही, आणि सेइगोने पुढे तयार काँक्रीटचा कारखाना काढला तेव्हा गावात कोणीतरी म्हणालेच, की यांना दगड जमत नव्हता ते बरेच झाले.

पूर्वेची कमान अजून उभी होती. गेल्या वर्षीच्या पुराने तिचा कठडा नेला होता, एका बाजूची भिंत फुगली होती आणि मधल्या खांबावर, जिथून दुसरी कमान निघायची तिथे, आता निवडुंगासारखे काहीतरी उगवले होते. त्याच पुराने नदीतली रेतीही ओढून नेली होती. साठ वर्षे गाडलेले चिरे त्यामुळे उघडे पडले होते.

त्या चिऱ्यांमध्ये, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, सेइगोचा चुलतभाऊ कुनिमित्सु उभा होता. फुकुओकाला टाइल्स विकणारा हा माणूस पहाटेच निघून आला होता, हातात भांडी घासायचा ब्रश घेऊन.

"दादा! पाच दगड घासले! एकावरही आपला कावळ्याचा पाय नाही!"

कावळ्याचा पाय म्हणजे तीन रेघांची खूण. सकोदांच्या हातोड्याच्या दांड्यांवर ती होती, मानकिचीच्या थडग्यामागेही होती. पाथरवट आपली खूण चिऱ्याच्या दर्शनी बाजूवर कधी काढत नसत. ती सांध्याच्या बाजूला, जिथे चिऱ्याला चिरा भिडतो तिथे, कायमची झाकली जायची. पूल उभा असेपर्यंत ती दिसणे अशक्यच होते. साक्ष मिळायची तर पडलेल्या दगडांकडूनच.

"हळू बोल," सेइगो म्हणाला. "पलीकडे ऐकू जातं."

"जाऊ दे ना! साठ वर्षं आपण हळूच बोलतोय. काय मिळालं?"

"त्यांचा माणूस गेला त्या दिवशी. आपण ज्यांच्यापुढे वाकतो त्या मासुतारोसानचा सख्खा मोठा भाऊ. तू आज येऊन तिथे नाचणार, आणि आम्हाला उद्यापासून याच गावात राहायचंय."

"राहा ना. मान वर करून राहा."

"काका," चिहाया पाण्यात उतरत म्हणाली, "पाच दगडांवर खूण सापडली नाही, म्हणजे ती नव्हती असं होत नाही. झिजली असेल. त्या बाजू खाली असतील. कमानीत शेदीडशे चिरे असतात."

"तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस गं?"

"दगडांच्या."

"आत्या, ऐकलंस? हिला शिकवायला घरच्यांनी पोटाला चिमटा काढला!"

आत्या दोरीखालून आली होती, खोका काठावरच्या एका खडकावर ठेवला होता आणि पायमोजे काढत होती. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला नदीत उतरू नको म्हणणे सेइगोचे काम होते. पण त्याने हात पुढे केला, आणि तिने तो धरला.

*

पाणी टोमिएच्या घोट्यापर्यंत होते. गार नव्हते. तिला वाटले होते गार असेल.

कुनिमित्सु आणि चिहायाने मिळून सहावा चिरा पहारीने कलता केला. खालची बाजू शेवाळाने काळी होती. ब्रश फिरला, पाणी ओतले, पुन्हा ब्रश फिरला. रेघा उमटल्या. एक चौकोन, हाताच्या तळव्याएवढा, आणि त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ.

"हे काय?" कुनिमित्सु म्हणाला. "हे कोणाचं?"

"माहीत नाही," चिहाया म्हणाली. तिने फोटो काढला, वही उघडली, लिहिले. "एखादा कामगार बाहेरून आलेला असू शकतो. सकोदांनीच ठेवलेला."

"झालं! आता आपणच बाहेरून माणूस आणला आणि त्याच्याकडून वाईट काम करून घेतलं!"

"मी शक्यता सांगतेय, काका."

टोमिए वाकली. ती नेहमी वाकायची तशीच, कमरेतून, हात मांड्यांवर, नजर दोन पावले पुढे. आणि त्या स्थितीत, त्या अंतरावरून, तिला तो चौकोन ओळखीचा वाटला. ओळखीचा नव्हे, पाठ. वीस वर्षांची असल्यापासून तिने तो पाहिला होता. आधी वडिलांच्या मागे उभी राहून, मग भावाच्या मागे, मग पुतण्याच्या शेजारी. दार उघडायचे, कोणीतरी म्हणायचे 'या', आणि हे सगळे जण वाकायचे. वाकलेल्या माणसाला दारातल्या पायरीचा दगड दिसतो, दुसरे काही दिसत नाही. पायरीच्या डाव्या कोपऱ्यात तो चौकोन होता. एका वर्षी त्यात मुंगी चालत होती. एका वर्षी पावसाचे पाणी साचले होते. माफी किती वेळ चालली हे ती त्या तिरक्या रेघेवरून मोजायची: खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत नजर सावकाश नेली की उठायचे.

"हे ओनिझुकांचं आहे," ती म्हणाली.

तिघेही तिच्याकडे बघू लागले.

"त्यांच्या दारातल्या पायरीवर आहे. डाव्या कोपऱ्यात."

"आत्या, मी दर वर्षी जातो," सेइगो म्हणाला. "मला कधी दिसलं नाही."

"तू नीट वाकत नाहीस. तुझ्या पोटामुळे."

कुनिमित्सुने ब्रश हवेत फेकला आणि झेलायचे विसरला. ब्रश वाहत गेला. "जिंकलो!" तो ओरडला. "आत्या, जिंकलो आपण!"

"एक दगड झाला," चिहाया म्हणाली. पण वहीतल्या नोंदीखाली तिने दोनदा रेघ ओढली, आणि ते टोमिएने पाहिले. "एक दगड उसना असू शकतो. आणखी पाहिजेत."

"किती?"

"कोणी वाद घालू शकणार नाही इतके."

"चला," टोमिए म्हणाली आणि पदर खोचावा तशी किमोनोची कड कमरेत खोचली.

*

साडेदहापर्यंत, आधी नुसते घासलेले पाच धरून, अकरा चिरे उलटून झाले. नऊ चिऱ्यांवर चौकोन होता; दोनांवर काहीच नव्हते. कावळ्याचा पाय एकावरही नाही. चिहायाने प्रत्येकाची जागा मोजपट्टीने नोंदली, सांध्याच्या बाजूंवर पोलादी पट्टी धरून उजेड आरपार येतो का पाहिले, आणि आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासले. तिला शंकेची सवय होती. शंका आवडायचीही, कारण शंका कोणाची नातेवाईक नसते. आज तिला स्वतःच्या शंकेविषयीच शंका यायला लागली होती. मसुद्याला तिने हात वर करून संमती दिली होती, ती पुरावा होता म्हणून, की आपल्या घराच्या बाजूने बोलणे अशास्त्रीय दिसेल म्हणून?

"अर्धंच झालंय," ती अखेर म्हणाली. "पडलेली कमान ओनिझुकांची, हे बहुतेक सिद्ध झालं. उभी असलेली आपली, हे नाही. समितीत कोणीतरी म्हणेलच, दोन्ही कमानी ओनिझुकांनी बांधल्या आणि सकोदांनी नुसती माती वाहिली."

"कोण म्हणेल असं?" कुनिमित्सुने विचारले.

"मीच म्हटलं असतं."

उभ्या कमानीचे सांधे मिटलेले होते. फक्त मधल्या खांबावर, दहा फूट उंचीवर, त्याच कमानीच्या एका चिऱ्याचा कोपरा पुरातल्या ओंडक्याने फोडून नेला होता आणि तिथे सांध्याची वीतभर बाजू उघडी पडली होती. तिथपर्यंत चढणार कोण, हा प्रश्न होता. कुनिमित्सुने आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची आठवण करून दिली. चिहाया बूट काढू लागली.

"थांब," सेइगो म्हणाला. "मी जातो."

"बाबा, तुम्ही?"

"तीस वर्षं परांच्यांवर चढतोय मी. काँक्रीटवाला असलो तरी खांब कळतो मला."

सकाळी इंजिन चालू ठेवणारा हा माणूस खांबाच्या फटींत बोटे घालत वर गेला. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या देहाने हे कौशल्य कुठे दडवून ठेवले होते, हे खाली उभ्या तिघांना कळेना. वर पोहोचल्यावर त्याने बॅटरी दातांत धरली, निवडुंग उपटून खाली टाकला, आणि बाहीने दगड पुसला. मग तो थांबला.

"काय आहे?" चिहाया ओरडली. "बाबा! जे दिसतंय तेच सांगा. जे पाहिजे ते नको!"

सेइगोने बॅटरी हातात घेतली.

"कावळ्याचा पाय," तो म्हणाला. "तिन्ही रेघा. काल काढल्यासारख्या." आणि थोड्या वेळाने, अगदी निराळ्या आवाजात: "आत्या, या सांध्यात नख जात नाही गं. माझ्या कारखान्यात आजही असं होत नाही."

टोमिए पाण्यात उभी होती. ती रडली नाही. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि कमानीकडे असे पाहिले, जसे एखादी सासू दुसऱ्यांनी नाकारलेल्या आणि आता सगळ्यांनी वाखाणलेल्या सुनेकडे पाहते.

"उतर आता," ती म्हणाली. "पडलास तर सदोष कामामुळे म्हणतील."

*

पश्चिमकाठच्या पायवाटेने कोणीतरी काठी टेकत येत होते. मासुतारो ओनिझुका, शहाऐंशी वर्षे, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. साडेनऊपासून तो दारात उभा होता, सुनेने चहाचे पाणी तीनदा तापवले होते. एकसष्ट वर्षांत सकोदा कधी उशिरा आले नव्हते. माफी मागणारे आले नाहीत म्हणून माफी घेणारा त्यांना शोधायला निघाला होता.

"टोमिएसान," तो काठावरून म्हणाला, "सगळं ठीक आहे ना? घाबरलो मी."

सेइगो सवयीने वाकू लागला. आत्याने त्याची कॉलर मागून धरली.

"मासुतारोसान, खाली या," ती म्हणाली. "तुम्हाला काही दाखवायचंय."

तो आला. कुनिमित्सुने, जो सकाळी भांडायला आला होता, त्याला दंडाला धरून दगडांवरून आणले. मासुतारोने पहिला चौकोन पाहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याकडे गेला नाही.

"आमचे," तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज त्या पायरीवर पाय ठेवतो मी. माहीत नसेल कसं?"

मग टोमिएचा आवाज आला, आणि तो पलीकडच्या गावापर्यंत गेला असावा.

"एकसष्ट खोके खाल्लेत तुम्ही!"

"मला मधुमेह आहे," मासुतारो म्हणाला. "वीस वर्षं झाली. सून खाते."

चिहायाला हसू फुटले, सेइगोला फुटले, आणि मासुतारोचे तोंडही क्षणभर वाकडे झाले. पण टोमिए हसली नाही.

"बसतो मी," तो म्हणाला आणि आपल्याच घराण्याच्या एका चिऱ्यावर बसला. "त्या दिवशी दोघं पुलावर होते. आमचा थोरला, सदाहारु, आणि तुमचे वडील. नदी इकडे वळते, म्हणून ओंडके याच कमानीत अडकत होते. दोघं लांब काठ्यांनी ते सोडवत होते. तुमच्या वडलांची काठी मोडली. दुसरी आणायला ते पूर्वेच्या टोकाला गेले, आणि मागे कमान गेली. सदाहारु गेला. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, 'माफ करा, मी वेळेवर परतलो नाही.' एवढंच. कमानीचं नावही नाही काढलं. मी दाराआड उभा होतो."

"बाबा घरी काहीच बोलले नाहीत," टोमिए म्हणाली.

"गाव म्हणू लागलं, कमान सकोदांची असणार. माझे वडील म्हणाले, म्हणू दे. घरात मुलगा गेलाय, वर कमानही आपलीच पडली असं ऐकायची ताकद नाही मला. वर्षभरात सांगू म्हणाले. मग तुमचे वडील पुन्हा आले, पुन्हा वाकले. वाकलेल्या माणसाला मध्येच कसं थांबवायचं? पुढच्या वर्षी आणखी अवघड झालं. वडील गेल्यावर ते माझ्यावर आलं, आणि मी भ्यालो. दुसरा शब्द नाही त्याला."

तो उठला, काठी बाजूला ठेवली आणि पाण्यात गुडघे टेकायला लागला. टोमिएने त्याला खांद्याला धरून वर ओढले.

"पुरे. दोन घराण्यांत एकसष्ट वर्षं पुरेल इतकं वाकून झालंय."

"फलकावर लिहा," तो म्हणाला. "पडलेली कमान ओनिझुकांची. सदोष काम ओनिझुकांचं."

"ते लिहिता येणार नाही," चिहाया म्हणाली.

सगळे पुन्हा तिच्याकडे वळले. कुनिमित्सुने डोक्याला हात लावला. "आता काय राहिलं, बाई?"

"काम सदोष नव्हतं. मी अकरा दगड मोजलेत. सांध्यात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल अशी बाजू एकही नाही. आपल्या कमानीइतकंच चोख काम आहे. ओंडके अडले, पाणी तुंबलं, सगळा दाब याच कमानीवर आला. नदी दुसरीकडे वळत असती तर आपली पडली असती. 'सदोष' हा शब्द दोघांच्याही नावापुढे खोटा आहे. आणि तो मी तपासायला हवा होता, आत्याआजी. हात वर करायच्या आधी."

मासुतारोने चिऱ्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

टोमिएने ओल्या तळव्याने चिहायाचा गाल थोपटला. तीन दिवसांनी. "किती वाजले?"

"अकरा चाळीस."

"लाव फोन."

नगरपालिकेतला कारकून सभ्य होता. चिहायाने चौथे वाक्य मागे घेतले, छायाचित्रे पाठवली, नवे वाक्य सांगायला सुरुवात केली. पुराव्याचे स्वरूप काय, असे त्याने विचारले. नऊ चिरे नदीत आहेत, एक खांबावर आहे आणि ओनिझुकासान माझ्याशेजारी उभे आहेत, ती म्हणाली. समितीच्या अध्यक्षांना विचारावे लागेल, तो म्हणाला. तेवढ्यात टोमिएने फोन काढून घेतला.

"मी मानकिची सकोदाची मुलगी बोलतेय," ती म्हणाली, ताठ उभी, पाणी पोटऱ्यांशी, मागे कमान. "लिहून घ्या. पूर्वेची कमान सकोदांनी बांधली. ती उभी आहे. पश्चिमेची ओनिझुकांनी बांधली. तीही तितकीच चांगली होती, ओंडक्यांनी पाडली. ते ओंडके सोडवताना सदाहारु ओनिझुका गेला. त्याच्याबरोबर मानकिची सकोदा होता, आणि तो दुसरी काठी आणायला गेला होता. लिहिलंत?"

कारकुनाने लिहिले होते. पण अडचण अशी होती, तो म्हणाला, की इतका मजकूर फलकावर मावणार नाही.

"मग फलक मोठा करा," टोमिए म्हणाली.